बाईंना विचारा : देशाची नको, प्रभागाची तुलना करा

या खेपेच्या टपालात परदेशवारीची पत्रं बरीच आहेत. मुलाकडे, लेकीकडे किंवा टूरबरोबर जाऊन आलेल्या वाचकांना आल्प्स आणि समुद्रकिनारे आवडलेच, पण पत्रात त्यांनी लिहिलंय ते इथल्या राजकारणाबद्दल. त्यातली तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण ते अनेकांच्या घरचं आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी कोपरखैरण्यात राहतो. एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये हिशेब लिहायचो, आता निवृत्त आहे. १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान केलं आणि फेब्रुवारीअखेर आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला गेलो. तिथे ८ मार्चला शहराची निवडणूक होती. शेजारच्या जर्मन आजींनी टपालाने आलेली कोरी मतपत्रिका आम्हाला दाखवायला म्हणून जेवणाच्या टेबलावर पसरली, तर टेबल पुरेना. एका मतदाराला ८० मतं! मला फार अप्रूप वाटलं. पण त्या रात्रीपासून मुलाशी रोज वाद. तो म्हणतो, “बाबा, इथे लोक पाणी, ट्रॅम, शाळा बघून मत देतात. तुम्ही लोक कोण कुठल्या पक्षात गेला एवढंच बघता. आपल्याकडे काही सुधारणार नाही.” मी बोलायला गेलो की आवाज चढतो. सूनबाई गप्प बसते. आमची ही म्हणते, फिरायला आलोय की भांडायला? नातवाने विचारलं, “आजोबा, तुम्हाला किती मतं असतात?” चार, म्हणालो, तर तो हसला आणि ते मला लागलं. कुटुंबाबरोबर परदेशात असताना देशातलं राजकारण डोक्यात घेऊन फिरणं चूक आहे का? आणि मुलाला काय उत्तर देऊ?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : चूक मुळीच नाही. नवी मुंबईत याआधीची महापालिका निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. मे २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी तुम्ही नगरसेवकासाठी बटण दाबलंत आणि दोन महिन्यांच्या आत दुसऱ्या एका शहराची निवडणूक डोळ्यांनी बघितलीत. तुमच्या मनात तुलना आली नसती तरच मला काळजी वाटली असती.

पण तुमच्या घरात ती तुलना चुकीच्या जागी लागली आहे. मुलगा एका बाजूला म्युनिक शहर ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला अख्खा भारत. तुम्ही मग भारताचे वकील होता. त्या वादात कोण जिंकणार? म्युनिकसमोर नवी मुंबई ठेवा. पंधरा लाखांवर वस्ती असलेल्या त्या शहरात ८० नगरसेवक आहेत आणि तुमच्याकडे १११. एवढं केलं तरी बोलणं ताळ्यावर येतं, कारण मग कामं समोरासमोर मांडता येतात.

माझी भाची म्युनिकला असते आणि मी तिच्याकडे राहून आले आहे. सहावीच्या मुलांना स्थानिक शासन संस्था शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मी तिथे गेले ती हेच बघायला. भाचीला दर थोड्या वेळाने विचारायची : हे कोण करतं? ट्रॅम कोणाची, पाणी कोणाचं, कचऱ्याचे पैसे कोण घेतं? तुमच्या मुलाने सांगितलं नसेल तर मी सांगते. तिथला महापौर लोक थेट निवडतात, सहा वर्षांसाठी, आणि शहराचं प्रशासन त्याच्याच हाताखाली चालतं. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी, तोही सोडतीत जे आरक्षण निघेल त्याप्रमाणे. तो सभेचा अध्यक्ष असतो. कारभार चालवण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांकडे आहे आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. आपल्याच जिल्ह्यात अंबरनाथ-बदलापूरला नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडून येतो. ठाण्याला आणि नवी मुंबईला तसं नाही. म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी तुम्ही ज्याला मत दिलंत त्याच्या हातात सही नाही आणि ज्याच्या हातात सही आहे तो तुमच्याकडे मत मागायला येत नाही. ही रचना मुलासमोर मांडा. “आपली माणसंच तशी” या वाक्याला हे खरं उत्तर आहे.

पैशाचंही तेच. जर्मनीत उद्योगांवरचा स्थानिक कर शहर स्वतः लावतं आणि त्याचा दर शहराची सभा ठरवते. नवी मुंबईत उपकर होता, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते. हातात उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. त्यात नवी मुंबईची गुंतागुंत वेगळी : जमीन सिडकोची, कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा, रस्ते-पाणी-कचरा पालिकेचा. तक्रार घेऊन जायचं कुठे, हे कळण्यातच माणसाची दमछाक होते.

आता “तुम्ही फक्त पक्ष बघता” या आरोपाबद्दल. त्यात तथ्य आहे आणि ते तुम्ही मान्य करावं असं मला वाटतं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमच्या ठाण्यात घराघरांत फूट पडली. नौपाड्यात आमच्या इमारतीत दोन सख्ख्या भावांनी गणपतीत एकमेकांकडे जाणं सोडलं. पुढच्या वर्षी राष्ट्रवादी फुटली. लोक दिवसरात्र चिन्ह कोणाचं यावरच बोलत होते. हे मी जवळून बघितलं आहे आणि मला त्याचं दुःख आहे, कारण त्याच काळात शहराला एकही नगरसेवक नव्हता आणि त्याबद्दल कोणी भांडत नव्हतं. ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संविधानाच्या २४३ यू या अनुच्छेदात लिहिलं आहे की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. नवी मुंबईत आधी कोविड आडवा आला, नंतर ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे बदल, आणि सगळ्याच महापालिका अडकल्या. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा असा आदेश दिला, तेव्हा चाक हललं. मुलाला हेही सांगा : पाच-सहा वर्षं ज्या शहराला प्रतिनिधीच नव्हता, तिथल्या माणसाने पाण्यावर आणि शाळेवर मत द्यायचं कुठे? त्याच्यासमोर टीव्हीच उरला होता.

आणि थोडं अभिमानाचंही सांगा. तुम्ही पत्रात एका शब्दाने लिहिलं नाहीत म्हणून मला आठवण करून द्यावीशी वाटते. म्युनिकचं पाणी १८८३ पासून मांगफाल खोऱ्यातून येतं. पाणी चांगलं राहावं म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी शहराची पाणी-वीज कंपनी पैसे देते. ते बघून मी थक्क झाले होते. पण तुम्ही कोपरखैरण्यात रोज सकाळी जे पाणी भरता ते खालापूरच्या मोरबे धरणाचं आहे आणि ते धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका देशात मोजक्याच. आम्हा ठाणेकरांकडे तसं धरण नाही. स्वच्छ सर्वेक्षणातही तुमचं शहर देशात वरच्या क्रमांकात येत राहिलं आहे. तुमच्या मुलाने ते पाणी पिऊनच अभ्यास केला असेल. त्या धरणासाठी गावं उठली, हेही त्याला माहीत असू द्या.

उलट त्याच्या शहराचंही विचारा. घरभाडं किती देतोस? जर्मनीतलं सगळ्यांत महाग शहर ते. पाळणाघराची जागा मिळवताना आईबापांची काय अवस्था होते, हे मी भाचीच्या घरी बघितलं. यासाठी सूनबाईंना बोलतं करा. त्या गप्प बसतात कारण तुम्ही दोघं देश या विषयावर बोलता. मुलाच्या शाळेबद्दल, दवाखान्याबद्दल, ट्रॅमच्या पासाबद्दल बोललात तर त्यांना तुम्हा दोघांहून जास्त माहिती असेल. तो विषयही राजकारणच आहे.

नातवाच्या हसण्याचं लावून घेऊ नका, त्याला समजावून सांगा. जर्मन आजींना ८० मतं आहेत, कारण शहराच्या ८० जागा आहेत. एका उमेदवाराला त्या तीनपर्यंत मतं देऊ शकतात आणि वेगवेगळ्या पक्षांच्या यादीतली नावं निवडू शकतात. तुम्हाला चार मतं आहेत, कारण तुमच्या प्रभागातून चार जण जातात : अ, ब, क आणि ड. त्यातही चारही मतं एकाच चिन्हाला द्यायचं बंधन नाही. अ जागेला एका पक्षाची बाई आणि ड जागेला दुसऱ्या पक्षाचा किंवा अपक्ष माणूस, असं मत तुम्हीही देऊ शकता. प्रचारात सगळे “पॅनल टू पॅनल” ओरडतात म्हणून लोक एकाच चिन्हाची चार बटणं दाबून बाहेर येतात. तुम्ही काय केलंत ते मी विचारत नाही. पण नातवाला हे सांगितलंत तर चार मतांचीही किंमत त्याला कळेल.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. भाची एकदा मला तिच्या भागातल्या नागरिक सभेला घेऊन गेली. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या, पुढे शहराचे अधिकारी आणि त्या भागाच्या समितीचे लोक. म्युनिकचे असे २५ भाग आहेत आणि प्रत्येकाची स्वतंत्र समितीही त्याच निवडणुकीत निवडली जाते. एक बाई उठली. शाळेसमोर रस्ता ओलांडायला सिग्नल हवा म्हणाली, तिने कागद वाचून दाखवला, लोकांनी कार्डं वर केली, ठराव झाला. बव्हेरियाच्या कायद्याप्रमाणे अशी सभा वर्षातून एकदा तरी घ्यावी लागते आणि तिथल्या ठरावाचा विचार तीन महिन्यांत करावाच लागतो. भाचीकडे भारतीय पासपोर्ट, त्यामुळे तिला बोलण्याचा हक्क होता, कार्ड वर करण्याचा नव्हता. तरी ती बोलली. तिच्या रस्त्यावरच्या दिव्याबद्दल, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. मला तिचं फार कौतुक वाटलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हे आपल्या कायद्यातही आहे. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद झाली : मतदान केंद्रांच्या हद्दीतले मतदार एकत्र बसतील, नगरसेवक अध्यक्ष असेल, भागातली कामं आणि त्यांचा क्रम लोक सुचवतील. तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेलात का? मी गेलेले नाही, कारण माझ्या प्रभागात ती झालेली मला माहीत नाही. इतकी वर्षं नगरसेवकच नव्हते, म्हणून विचारायला कोणी नव्हतं. आता तुमच्या प्रभागात चार आहेत. कोपरखैरणे विभाग कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या की आमच्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी आहे. पोच घ्या. सोसायटीतल्या आणखी दहा जणांच्या सह्या घेतल्यात तर उत्तम. आणि त्या अर्जाचा फोटो मुलाला पाठवा.

तो मोठ्याने बोलतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याला घराचं काही पडलेलं नसतं तो वाद घालत नाही, विषय बदलतो. तुमचा लेक रोज रात्री वाद घालतो, म्हणजे त्याला अजून कोपरखैरणं आपलं वाटतं. त्याला भारताची बाजू समजावू नका, तो परका नाही. त्याला कामाला लावा. अर्जाचा मसुदा त्याच्याकडून लिहून घ्या. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर नमुना ६अ भरून अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं, टपालाची सोय त्यांना नाही. शेजारच्या आजींना घरबसल्या मत देता आलं आणि त्याला नाही, यावर तो चिडेल. ते चिडणं रास्त आहे, त्यात तुम्हीही सामील व्हा.

प्रश्न : बाई, गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही लेकीकडे मेलबर्नला होतो. तिने तिथलं नागरिकत्व घेतलंय. ३ मे २०२५ च्या निवडणुकीत तिने पहिलं मत दिलं. शाळेच्या पटांगणात रांग, पावात घातलेले सॉसेज विकणारे पालक, जत्रेसारखं वातावरण. ती आनंदात होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी. आता ती इथल्या राजकारणावर काही बोलली की तिचे बाबा म्हणतात, “तू तुझं नागरिकत्व सोडलंस, तुला बोलायचा हक्क नाही.” खरंच नाही का?
— एक आई, माजिवडा, ठाणे

उत्तर : मत देण्याचा हक्क नाही, हे खरं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की १९५५ च्या कायद्यानुसार आपलं नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर तिला व्हिसाशिवाय येता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही आणि निवडणूक लढवता येत नाही.

बोलण्याचा हक्क मात्र तिच्या बाबांनी दिलेला नाही आणि त्यांना काढूनही घेता येणार नाही. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत होते, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले आणि आयुष्याचा मोठा भाग परक्या देशांत काढला. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी भागातून ब्रिटिश संसदेत निवडून आले आणि तिथे उभं राहून हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर बोलले. तुम्ही इथे राहत नाही, गप्प बसा, असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर आपलंच नुकसान झालं असतं.

लेकीला एक गोष्ट मात्र मी सांगेन. निर्णयाचे परिणाम माजिवड्यात आईबाबांनी भोगायचे आहेत, तिने नाही. म्हणून मत सांगण्याआधी तिने त्यांना विचारावं. घोडबंदर रोडची कोंडी, मेट्रोच्या खांबांखालून दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ, टँकरचं पाणी, हे आधी ऐकून घ्यावं आणि मग बोलावं. तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल तिच्या बाबांशी बोला. माझा अंदाज आहे की त्यांचंही तेच दुखणं आहे आणि ते हक्काच्या भाषेत बाहेर पडतंय. ऑस्ट्रेलियात मत देणं कायद्याने सक्तीचं आहे, १९२४ पासून. तिने ते आनंदाने केलं, हे तुम्ही लावलेलं वळण आहे असं मला वाटतं.

प्रश्न : बाई, मी ऐरोलीला राहते, बारावी झाली. आम्ही सगळे टूरबरोबर व्हिएतनामला गेलो होतो. युद्धकाळातल्या कूची भुयारांकडे जाताना बसमध्ये एक काका गाइडला ऐकू जाईल असं भारताबद्दल वाईट बोलत होते. दुसऱ्या काकांनी त्यांना देशद्रोही म्हटलं. अर्धी बस एकीकडे, अर्धी दुसरीकडे. गाइड नुसता हसत होता. परक्या माणसांसमोर आपल्या देशाबद्दल काय बोलावं? आणि मी ऑक्टोबरमध्ये अठराची झाले, तरी जानेवारीत मला मत देता आलं नाही, हे कसं?
— ऐरोलीची वाचक

उत्तर : खरं असेल ते बोलावं, नीट माहिती असेल तेवढंच बोलावं. दोष सांगणारा देशद्रोही होत नाही, हे त्या दुसऱ्या काकांना कोणीतरी बसमध्येच सांगायला हवं होतं. पण मला काळजी वाटली ती गाइडची. व्हिएतनाममध्ये एकाच पक्षाची सत्ता आहे. तिथल्या माणसाला पर्यटकांसमोर स्वतःच्या सरकारबद्दल मोकळेपणी बोलणं सोपं नसतं. आपल्या भांडणात त्याला ओढू नये, “तुमच्याकडे कसं?” असं चारचौघांत विचारून त्याला अडचणीत आणू नये. तू त्याच्या हसण्याकडे लक्ष दिलंस, हे मला आवडलं.

तुझ्या मताचं कारण साधं आहे. महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून करतात आणि जानेवारीच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. तू तेव्हा सतराची होतीस. आता वर्षातून चार तारखा असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण, तेव्हापासून नाव लागू शकतं. ऐरोली मतदारसंघासाठी नमुना ६ भर. ऑनलाइन भरता येतो किंवा तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, देता येतो. जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, एक फोटो लागेल. भरल्यावर क्रमांक मिळेल तो जपून ठेव आणि यादीत नाव लागलं की नाही ते स्वतः तपास. अर्ज भरला म्हणजे नाव लागलं असं धरून चालू नकोस.